दुसऱ्या पानाला कुलूप नव्हते

ती घटना आठवली की आजही मी उठून दाराची कडी बघतो. आता निवृत्त आहे, माझ्या दारात कोण येणार? तरी बघतो.

कोल्हापुरात नेमणूक असताना एका दुपारी तिशीतली एक बाई आपल्या दहा वर्षांच्या मुलाला आणि भावाला घेऊन ठाण्यात आली. नवऱ्याने जाळण्याची धमकी दिल्यामुळे तिने कबनूरचे घर सोडले होते. त्या गुन्ह्यात नवरा जामिनावर सुटला आणि कोल्हापुरात तिच्या नव्या घरासमोर येऊन उभा राहिला. तिने घर बदलले, तो तिथेही आला. या वेळी तो दिसला नव्हता. दारात फक्त अर्धी भरलेली पेट्रोलची बाटली ठेवून गेला होता.

"पत्ता कुणाकुणाला माहीत आहे?" मी विचारले.

"ह्या भावाला. आणि पोराच्या क्लासला."

शिष्यवृत्ती परीक्षेचा क्लास होता. धडे वेबसाइटवर आणि सराव प्रश्नपत्रिका कुरिअरने घरी, म्हणून पत्ता द्यावा लागे.

"पर त्याचा पासवर्ड मी घर सोडल्याबरोबर बदललाय, सायेब. त्याला न्हाई उघडता येणार."

मग उरला भाऊ. त्याला आतल्या खोलीत घेतले. मी शिपाई म्हणून भरती होऊन खात्याची परीक्षा देत वर आलेला माणूस. गोड बोलणे मला कोणी शिकवले नाही. तासभर त्याला फैलावर घेतले.

"सायेब, मला मारा, पर बहिणीवरनं असं बोलू नगा," म्हणत तो रडला. बाहेर आलो तेव्हा बाईने मुलाला भावाच्या बाजूने उठवून आपल्या दुसऱ्या बाजूला बसवले होते. आता तिला विश्वास ठेवायला कोणी उरले नव्हते.

पोलिसात येण्यापूर्वी मी जनावरांच्या बाजारात दलालाच्या हाताखाली होतो. तिथली एक युक्ती आहे. बातमी कोण फोडतो हे कळत नसेल, तर दोघांना दोन वेगळे भाव सांगायचे आणि कोणता भाव परत कानावर येतो ते बघायचे. मी भावाला सांगितले, बहिणीला बिद्रीला ठेवतोय. क्लासच्या वेबसाइटवर मात्र बाईला राजारामपुरीतल्या एका रिकाम्या फ्लॅटचा पत्ता भरायला लावला. बिद्रीत दोन माणसे बसवली, फ्लॅटमध्ये मी आणि एक हवालदार बसलो.

चौथ्या दिवशी भरदुपारी फ्लॅटची बेल वाजली. खाली गल्लीतल्या शिकवण्यांच्या मुलांचा गलका, रिक्षांचे हॉर्न, आणि दाराच्या फटीतून आत आला तो पेट्रोलचा वास. आत ती बाई असती तर तिने कुरिअर समजून दार उघडले असते. आम्ही उघडले. तो उभा होता. बाटलीचे झाकण काढलेले होते.

ठाण्यात तो तोंड उघडेना. सौद्यात आधी बोलतो तो हरतो, म्हणून मीही गप्प चहा पीत राहिलो. मग लेखनिकाला म्हणालो, "लिहा, मेहुण्याने पत्ता दिला."

त्याला ते झोंबले. "त्यो घुम्या काय देतोय पत्ता? माझं मी काढतो!"

"गप रे. तुला काय जमतंय?"

"मोबाइल द्या हिकडं!"

पंचांसमोर त्याने मुलाच्या पानाची जुनी साठवलेली लिंक दाबली. पासवर्ड कोणी विचारलाच नाही. मुलाचा फोटो, आईचा फोन आणि आमच्या फ्लॅटचा पत्ता समोर आला. "मी काय कुलूप तोडलंय व्हय? उघडंच हाय की," तो म्हणाला.

वेबसाइट बनवणाऱ्याला बोलावले. शिकलेला, इस्त्रीच्या शर्टातला. म्हणाला, "सर, सर्व्हर प्रत्येक पान नव्याने तयार करतो. आधीच्या पानावर कोण होते, हे पुढच्याला सांगावे लागते. म्हणून विद्यार्थ्याचा नंबर वर ब्राउझरच्या पत्त्याच्या ओळीतून पाठवतो. पासवर्ड आहे ना पहिल्या पानावर."

"आणि दुसऱ्या पानावर?"

"तिथे कशाला? माणूस पहिल्यावरूनच आलेला असणार."

बाजारात आम्ही भाव रुमालाखाली बोटे दाबून सांगायचो, चारचौघांत ओरडून नाही. तो नंबरही असाच झाकून सर्व्हरकडे राहायला हवा होता, आणि प्रत्येक पानाने 'तू कोण?' असे नव्याने विचारायला हवे होते. मी त्या ओळीतला शेवटचा आकडा बदलला. एक मुलगी उघडली. फोटो, घर, आईचा फोन. पुन्हा बदलला. दुसरी मुलगी. हात थांबेना. इतका वेळ मी एका बाईच्या जिवासाठी भीत होतो.

क्लासचा मालक म्हणाला, "साहेब, सोमवारपासून प्रवेश आहेत. आत्ता बंद केली तर बोभाटा होईल. दोन दिवस द्या की."

आयुष्यभर मी घासाघीस केली, पण त्या दिवशी दोन मिनिटेही दिली नाहीत. जे बोललो ते इथे छापता येणार नाही. साइट माझ्यासमोर बंद झाली. मालकाने वर तक्रार केली आणि उर्मट वर्तनाबद्दल मला कारणे दाखवा नोटीस आली. त्याला कोणी साधे पत्रही पाठवले नाही. नोटिशीला मी एका ओळीत उत्तर दिले: पुन्हा वेळ आली तर पुन्हा तसेच बोलेन. माझे शब्द नोटीस काढणाऱ्या साहेबांना आजही लागतात म्हणे. लागू देत.

या तपासाने मला एवढे शिकवले की 'पासवर्ड आहे' हे उत्तर ऐकून उठायचे नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याने सोडले म्हणून आतल्या कोणी काहीच विचारायचे नाही, ही सवय आपल्या कचेऱ्यांत आहे, आपल्यात आहे. ती यंत्रात कुठून उतरली हे सांगायला नको. आणि निर्दोष भावाला बहिणीच्या नजरेतून उतरवायला एक तास पुरतो.

काही महिन्यांनी ती बाई पुन्हा आली. भाऊ सोबत होता, पण दोन पावले मागे. नवऱ्याच्या जामिनाचा अर्ज पुन्हा कोर्टापुढे होता.

"सायेब, पोराला नव्या शाळेत घालायचाय. तिथं बी कॉम्प्युटरवर पत्ता भरत्यात. खरा सांगू?"

खाकीतल्या माणसाने 'सांगा, घाबरू नका' म्हणायचे असते. माझ्याने म्हणवले नाही.

"आमच्या ठाण्याचा सांगा," मी म्हणालो.

तिने तोच सांगितला.