ओलायातला बोटीचा हॉल

बाबा बोटीवर होते. आमच्या रत्नागिरीकडे एवढं सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. मुंबईहून आफ्रिकेला जाणाऱ्या बोटीवर ते फस्क्लासच्या हॉलमध्ये वेटर होते. त्या हॉलबद्दल ते जेवढं बोलले तेवढं आईबद्दलसुद्धा बोलले नसतील. भिंतींना अक्रोडाचं लाकूड, कोपरे सगळे गोल, खुर्च्या खाली साखळीने बांधलेल्या, टेबलांना कडेने बोटभर उंच पट्टी. समुद्र खवळला की टेबलक्लॉथवर पाणी शिंपडायचं, म्हणजे बशा घसरत नाहीत. स्वतः मात्र ते खाली झोपायचे, नुसत्या लोखंडी भिंतींत, डोक्यावरून गरम पाइप.

मी आठवीत शाळा सोडली आणि रंधा धरला. सौदीत येऊन आता बरीच वर्षं झाली. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, वेळेवर निघतो, खोलीत एसी चालतो, पगार अडकलेला नाही. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा तो, माणूस चांगला. दुसऱ्या कॅम्पातल्या लोकांचं ऐकतो तेव्हा मनातल्या मनात हात जोडतो. पण हात जोडतानाही भीती असतेच, की आपण बोललो काही आणि हे गेलं तर?

गेल्या वर्षी कंपनीला रियाधला ओलायात एका टॉवरच्या तळमजल्यावर रेस्टॉरंटचं काम मिळालं. तिथल्या मालकाला जुन्या बोटींचं वेड. त्याने कुठल्याशा भंगारातून बाबांच्या काळातल्या एका बोटीचा अख्खा हॉल विकत आणला होता. कंटेनर उघडला आणि मी बघतच राहिलो. अक्रोडी फळ्या, गोल कोपऱ्यांची कपाटं, पट्टीवाली टेबलं. जन्मभर ऐकलेलं सामान चिंध्यांत गुंडाळून समोर पडलेलं. बाबांची बोट ती नव्हती, पण बहीण म्हणायला हरकत नव्हती.

घरी तेव्हा बाबांचं विसरणं सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग जेवलो की नाही ते. मग एक दिवस वहिनीचा फोन आला, "भावजी, आज मला त्यांनी आत्याच्या नावाने हाक मारली. तुम्ही येऊन जा. तुमचं नाव अजून घेतात तोवर या."

मी फोरमनकडे गेलो. तो केरळचा, तोंडाने तिखट, मनाने मऊ. म्हणाला, "जाना भाई, जरूर जाना. ये हॉल खड़ा कर दे, मैं खुद तेरी छुट्टी डालता हूँ. ओपनिंग के पहले किसी को नहीं छोड़ सकता."

म्हणून मी त्या हॉलला भिडलो. काम लवकर संपलं तर बाबा मला ओळखतील, एवढंच डोक्यात.

सामान लावायला घेतलं तर एकही कपाट सरळ उभं राहीना. प्रत्येकाचे एका बाजूचे पाय लांब, एका बाजूचे आखूड. भिंतीच्या फळ्यांच्या खालच्या कडा सगळ्या तिरक्या. आमचा पॉलिशवाला गुहागरचा. तो म्हणाला, "बोटीच्या सुताराने ताडी पिऊन करवत चालवलेली दिसतेय." आम्ही हसलो. फोरमन म्हणाला, साठ वर्षांत लाकूड बसलं असणार. आम्ही सगळे घरं बांधणारे सुतार, आमचा देव म्हणजे लेव्हलची बाटली. बुडबुडा मध्ये आला की काम बरोबर. आम्ही पाय कापले, फळ्या खालून सरळ केल्या, मग डोकी एका रेषेत यावीत म्हणून वरूनही कापल्या. मी तर जेवणाच्या सुट्टीतही करवत सोडत नव्हतो.

एका शुक्रवारी सुट्टी असूनही थोडं काम होतं, तेव्हा दुपारी बाबांना व्हिडिओ लावला. वहिनीने फोन त्यांच्यासमोर धरला.

"बाबा, ओळखलंत का मला?"

"तू कोण ते तुला माहीत नाही काय रे? मला कशाला विचारतोस?"

वहिनी हसली. मलाही बरं वाटलं. मी फोन फिरवून हॉल दाखवला. बाबा पुढे झुकले. बराच वेळ बघत होते.

"ही जमीन अशी का?"

"अशी म्हणजे?"

"सपाट कशी? अरे, बोटीचा डेक माशाच्या पाठीसारखा असतो. मध्ये उंच, दोन्ही कडांना उतार. पाणी वाहून जायला नको? ट्रे धरायचा तर एक खांदा खाली सोडून चालायचो आम्ही. कपाटाचे पाय त्या उतारावर बसवलेले असतात." मग जरा थांबून म्हणाले, "तुम्ही कापलेत काय पाय?"

मी मागे वळून भिंतीकडे बघितलं. लाकडाच्या रेषा एका फळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशा अख्ख्या भिंतीभर जायला हव्या होत्या. मुळात एकाच झाडाचं ते सोलीव, म्हणजे फळीवर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा. फळ्या कमीजास्त कापल्यामुळे आमच्या भिंतीवर त्या प्रत्येक सांध्याला पायरीसारख्या तुटत होत्या. फळ्या पुऱ्या लागेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खाली लाकडी उताराची जमीन केली असती तर सगळं जसंच्या तसं बसलं असतं. आता कापलेलं कुठून जोडणार?

फोरमनला सांगितलं. तो भिंतीजवळ गेला, एका सांध्यावर बोट फिरवलं आणि खाली लादीवर बसला. "खलास," एवढंच म्हणाला.

रेस्टॉरंटचा मालक आला, त्याने बघितलं. मला वाटलं, आता सगळ्यांना परत पाठवणार. तो ओरडला नाही. "मालेश," म्हणाला, म्हणजे असू दे, आणि बाहेरून नवं सोलीव मागवून भिंत पुन्हा करायला सांगितली. आमच्यातल्या एकाचीही नोकरी गेली नाही. तो चिडला असता तर मलाही कुणाचा तरी राग करता आला असता. उपकाराखाली माणूस रागवणार कुणावर? ओपनिंग पुढे गेलं, त्याच्याबरोबर सुट्ट्याही. नवं लाकूड बंदरात अडकलं, सुटलं, त्यातलं अर्धं चुकीच्या रंगाचं निघालं. फोरमनपुढे मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा भलतंच काहीतरी विचारून परत फिरलो.

वहिनीचे फोन कमी झाले. मी केला तर म्हणायची, "आता झोपलेत." मला कळायचं.

शेवटी हॉल झाला. देखणा झाला, खोटं कशाला बोलू? पॉलिशवाल्याने नवं लाकूड जुन्यासारखं केलं, पिवळे दिवे लागले. त्याच दुपारी फोरमन आला, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "यल्ला, चल, तेरी छुट्टी आ गई. जा, बाप से मिल." मी त्याचे दोन्ही हात धरले.

तिथूनच घरी फोन लावला. वहिनी आधी नको म्हणाली, मग तिने फोन बाबांकडे वळवला. मी हॉलमधल्या सोफ्यावर बसलो होतो, मागे ती भिंत. बाबांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. मला वाटलं, जमलं. ते ताठ बसले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"गुड आफ्टरनून, साब. चाय, कॉफी?"

"बाबा, मी आहे."

"जी साब."

"मला सुट्टी मिळाली, बाबा. मी येतोय."

"व्हेरी गुड, साब. किधर उतरेंगे?"

वहिनीने फोन खाली घ्यायला सुरुवात केली. मी म्हटलं, राहू दे. त्यांना किती वर्षांनी काम मिळालं होतं, कुणास ठाऊक.

"रत्नागिरी," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली. पाहुण्याला वाईट वाटू नये अशा हळू आवाजात म्हणाले, "सॉरी साब. अपना जहाज उधर नहीं लगता."

मग पुन्हा विचारलं, काय आणू? मी चहा सांगितला. ते उठायला लागले तशी वहिनीने फोन बाजूला ठेवला. मला घराचं छप्पर तेवढं दिसत राहिलं, आणि ती त्यांना पुन्हा पलंगावर बसवत होती तो आवाज.