गौतमची हिरडी आणि कोंबडा मंजन

फोन आला तेव्हा माझ्या तोंडात ब्रश होता. पलीकडे सुमनवहिनी. "भावोजी, हे गेले हो… पहाटे, झोपेतच." मला बोलता येईना. आधी तोंडात फेस होता म्हणून, आणि चूळ भरून आल्यावरही येईना. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपासूनचा माझा दोस्त गौतम गेला होता आणि शेवटची तीन वर्षं आम्ही धड बोललोही नव्हतो. चूक माझी होती. ती किती मोठी होती हे मला तो गेल्यावर कळलं, म्हणून हे लिहायला बसलोय.

घाटकोपरला डोंगराकडच्या चाळीत आमची दारं समोरासमोर होती. आम्ही सावंत, कणकवलीकडचे, वडील गिरणीत. गौतमचे वडील जालन्याहून आलेले, गोदीत कामाला. मी टेलिफोन खात्यात चिकटलो आणि गौतम मालाडच्या एका दंतमंजनाच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे काय, पत्र्याच्या छपराखाली दोन मोठ्या खोल्या आणि पंधरा-वीस माणसं. मंजनाचं खरं नाव भलतंच लांबलचक होतं, ते कुणाच्याच लक्षात राहायचं नाही. डब्यावर लाल तुऱ्याचा कोंबडा होता, म्हणून लोक दुकानात जाऊन सरळ "एक कोंबडा द्या" म्हणायचे. गेरूसारखं लाल मंजन, त्यात लवंग, कापूर, बाभळीची साल, तुरटी, मीठ. सकाळी आमच्या अख्ख्या चाळीची मोरी लाल व्हायची. पाहुणा आला की त्याला वाटायचं, इथे काहीतरी मारामारी झालीय.

गौतमचं तिथलं काम मात्र अजब होतं. एका वेळी कालवलेल्या मंजनाला ते लोक घाणा म्हणत, भज्यांचा म्हणतात तसा. प्रत्येक घाणा डब्यात भरायच्या आधी गौतमच्या हिरडीवर जायचा. चिमूटभर मंजन बोटावर घ्यायचं, खालच्या हिरडीवर चोळायचं, डोळे मिटायचे आणि मनात मोजायचं. दहाला हिरडी झिणझिणली की लवंग बरोबर. आठलाच झिणझिणली तर जास्त, बारापर्यंत थांबावं लागलं तर कमी. मी एकदा विचारलं, "अरे, तुझा शेठ एखादं यंत्र का नाही घेत?" तर म्हणाला, "मी बोललो ना त्याला. तो म्हणतो, यंत्राला हिरड्या कुठे असतात!"

मला तेव्हा त्याच्या काही सवयींचं फार कुतूहल वाटायचं. घाटकोपरहून बस बदलत, आरे कॉलनीतून तो मालाड गाठायचा, पण पहिला घाणा तपासून होईपर्यंत चहाचा घोट नाही. कामाच्या दिवशी कच्चा कांदा नाही. पान, तंबाखू, बडीशेप काही नाही. माझ्या लग्नात सगळे विडे खात होते आणि हा भिडू कोपऱ्यात उभा राहून नुसता चुना बघत होता. "काय रे, संन्यास घेतलास काय?" म्हणून मी त्याला किती छळलं! तो हसायचा. मी विचारायचो ते थट्टेत विचारायचो, त्यामुळे उत्तरही थट्टेतच यायचं.

पुढे काय झालं ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. टीव्हीवर पांढरा कोट घातलेले लोक येऊन परदेशी कंपन्यांची पेस्ट विकायला लागले. वाण्याच्या दुकानाचं मार्ट झालं, त्या चकचकीत फळीवर कोंबड्याला कुणी जागा देईना. पोरांना लाल दातांची लाज वाटायला लागली. माझ्याही पोरांना, खोटं कशाला बोलू. कारखाना बंद झाला त्या दिवशी गौतम तडक मुलुंडला माझ्या नव्या घरी आला. हातात एक डबा. सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "सावंता, शेवटच्या घाण्यात लवंग कमी पडली रे. शेठला बोललो, अजून थोडी घालू. तर म्हणतो, जाऊ दे ना गौतम, आता कोण विचारतंय."

मी म्हणालो, "बरोबरच बोलला तो. कारखान्याला कुलूप लागलं आणि तू लवंगा मोजत बसलायस! तुझ्या मनाचे खेळ आहेत सगळे." त्याने डबा पिशवीत घातला. जाताना दारात म्हणाला, "शेठची सून सांगत होती, वसईकडे जागा मिळाली तर परत सुरू करणार. मला बोलावणार आहे." मी बरं म्हणालो आणि विसरून गेलो.

मग काही वर्षांनी गंमत झाली. त्याच परदेशी कंपन्यांनी लवंगेची पेस्ट काढली, मिठाची काढली, कोळशाचीही काढली! ज्या कोळशाने दात घासतो म्हणून आमच्या आज्याला गावंढळ ठरवलं, तोच कोळसा आता काळ्या चकचकीत ट्यूबमध्ये. माझं डोकंच फिरलं. मी भेटेल त्याला धरून भाषण द्यायला लागलो. गौतमला मात्र राग नव्हता, नुसतं कुतूहल. एकदा त्याने खिशातून भिंग काढलं आणि माझ्या घरच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचत बसला. "हे बघ. लवंग नाहीये यात. लवंगेचा वास आहे." आणि मग वर बघून म्हणाला, "पण वास झकास जमवलाय हां. कुणी केला असेल रे?" मी म्हटलं, तुला काही स्वाभिमान आहे की नाही?

हा स्वाभिमान माझ्या अंगात फारच आला होता. आमच्या सोसायटीत मी एक प्रदर्शन भरवलं, 'आपल्या घरातल्या, आपल्या मातीतल्या वस्तू'. शिकेकाई, रिठे, गेरू, दौतीची शाई, घरची उटणी. पाहुणा कोण, तर आमचा गौतम. त्याला आणायला मीच गेलो. चाळीच्या जागी आता टॉवर झालाय, त्याचं घर सातव्या मजल्यावर. निघताना हात धुवायला गेलो तर बेसिनवर एक ट्यूब. परदेशी. गुलाबी. वर दात दाखवणारं अस्वल. लहान मुलांची स्ट्रॉबेरीची पेस्ट! घरात लहान मूल नाही, मुलगी लग्न होऊन नागपूरला. अर्धी संपलेली ट्यूब, शेजारी दोन ब्रश, आणि अस्वलाला टेकलेला ब्रश गौतमचा.

तिथल्या तिथे विचारलं असतं तर? दोन शब्दांचा प्रश्न होता. पण मला माईक दिसत होता. स्टेजवर त्याची ओळख करून देताना मी म्हणालो, "हे आमचे गौतमराव. तीस वर्षं तुमच्या-आमच्या तोंडात कोंबडा घातला, आणि स्वतः मात्र घरी परदेशी स्ट्रॉबेरीने दात घासतात!" अख्खं सभागृह हसलं. गौतमही हसला. मग उठून दोन मिनिटं नीट बोलला, बाभळीच्या सालीबद्दल, आणि नारळ घेऊन खाली उतरला. घरी आल्यावर आमच्या हिने मालवणीत सुनावलं, "तुमच्या तोंडाक कुलूप नाय काय? तेचो चेहरो बघलात?" मी म्हटलं, थट्टा होती गं. त्यानंतर त्याचे फोन कमी झाले, मग थांबलेच. मीही केला नाही. माझं काय चुकलं, खोटं थोडंच बोललो होतो, याच ऐटीत राहिलो.

गौतमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गर्दी होती, बोलणं झालं नाही. महिनाभराने एका दुपारी मी एकटाच गेलो. वहिनींनी चहा केला. हात धुवायला गेलो तर बेसिनवर अस्वल तसंच. मला राहवलं नाही. तीन वर्षं उशिरा का होईना, विचारलं.

"ते होय?" वहिनी म्हणाल्या. "अहो, रोज कोंबड्याने घासलं की हिरडीला लवंगेची सवय होते. मग मोजणार कसं? म्हणून हे कामाला लागले तेव्हापासून सासूबाई ह्यांच्यासाठी चुलीतली राख चाळून ठेवायच्या. आपण सगळे मंजन लावायचो, हे राख. पुढे गॅस आला, राख गेली. मग दुकानं पालथी घातली. सगळ्या पेस्टमध्ये लवंग नाही तर पुदिना. एवढी एकच सापडली पोरांची, जिच्यात दोन्ही नाही. स्ट्रॉबेरीचा इतका कंटाळा यायचा ह्यांना!"

"पण वहिनी, कारखाना तर कधीच बंद झाला…"

त्यांनी कप खाली ठेवला. "वसईला परत बोलावणार होते ना. बोलावणं आलं आणि हिरडी तयार नसली तर? तुम्ही स्टेजवर बोललात त्या दिवशी मी घरी म्हटलं, सांगून टाकायचं होतं की. तर म्हणाले, सांगितलं की सगळे विचारणार, आता कशाला? त्याला काय उत्तर देऊ?"

मला लाज वाटली. साधी, सरळ लाज. भरल्या सभागृहात मी ज्याला खोटं पाडलं, तो एकटाच शेवटपर्यंत कामावर होता. आणि मातीतल्या वस्तूंची भाषणं ठोकणारा मी, कोळशाच्या काळ्या ट्यूबने दात घासत होतो.

वहिनींनी कपाटातून डबा काढला. तोच, शेवटच्या घाण्यातला. कोंबड्याचा तुरा थोडा गंजलेला. "न्या तुम्ही. ह्यांनी कधी वापरला नाही." मी तिथेच झाकण काढलं, बोटावर मंजन घेतलं, हिरडीला चोळलं आणि मोजलं. वीस झाले, तीस झाले. काही कळलं नाही. माझं तोंड पुदिन्याने बधिर झालेलं.

घरी येताना मी स्टेशनजवळच्या दुकानातून अस्वलाची ट्यूब घेतली. दुकानदार म्हणाला, "काका, नातवासाठी ना? ही दुसरी बघा, हत्तीवाली." म्हटलं, माझ्यासाठीच पाहिजे आणि अस्वलच पाहिजे. महिनाभर त्या स्ट्रॉबेरीने दात घासले. भयंकर गोड प्रकार. सकाळचा चहा दहापर्यंत पुढे ढकलला, कांदा बंद केला. ही म्हणाली, "येडे झालात."

काल सकाळी, चहाच्या आधी, डबा उघडला. चिमूटभर मंजन, खालची हिरडी, डोळे मिटले. आठ… नऊ… दहा. काही नाही. अकरा… बारा. आणि झिणझिणलं.

लगेच वहिनींना फोन लावला. "वहिनी, त्या घाण्यात लवंग कमी होती. गौतम बरोबर होता."

त्या म्हणाल्या, "भावोजी, इतकी वर्षं झाली, डब्यात उडूनही गेली असेल हो लवंग."

"असेल," मी म्हणालो. "पण कमी होती."