वजन केल्याशिवाय टायर नाही

माझ्या भावजयीच्या दुकानात शिरलं की आधी रबराचा वास नाकात भरतो आणि पाठोपाठ तिचा आवाज कानात. "काट्यावर!" या-बसा नाही, पाणी हवं का नाही. डोंगरात चालवायच्या सायकलला टायर घ्यायला आलेला माणूस कितीही मोठा असो, आधी दारामागच्या लोखंडी वजनकाट्यावर उभा राहायचा. तोही तसाच नाही. डोक्याला हेल्मेट, पायात बूट, पाठीला भरलेली बॅग, तिच्यात पाण्याची बाटली. डोंगरात जाताना जसा जाणार तसाच्या तसा.

"टायर तुम्हाला एकट्याला उचलत नाही," ती म्हणायची, "तुमच्या सामानासकट उचलतो. मग वजनही सामानासकटच."

सायकलवाली सगळी मंडळी तिला टायरकाकू म्हणतात. अंगानं आडवी, हात सुताराचे असावेत तसे, आणि जीभ अशी की पहिल्यांदा आलेला माणूस हमखास रागावून जातो. आठवड्याभरात परत येतो, हेही खरं. वजन झालं की ती सायकल उलटी करायची आणि जुन्या टायरवरून अंगठा फिरवायची. मधले रबरी दाते झिजलेले असले तर, "डोंगराचं नुसतं नाव. तुम्ही डांबरी रस्त्यावरचे." कडेचे दाते फाटलेले असले तर, "वळणावर फार कलता, बायकामुलं आहेत ना घरी?" मग टायर काढून द्यायची. चिखलाच्या वाटेला दाते विरळ, म्हणजे चिखल अडकून न बसता गळून पडतो. भुसभुशीत मुरमाला बारीक आणि दाट. खडकाला मऊ रबर, जे लवकर झिजतं पण दगड सोडत नाही. पुढचा टायर घट्ट पकडणारा, मागचा जरा हलका चालणारा, कारण मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस तोंडावरच.

एकदा एक दाताचे डॉक्टर आले होते. दुकानातला सर्वांत रुंद, राक्षसासारखा टायर हवा म्हणून अडून बसले.

"डॉक्टर, तुम्ही फिरता कुठे?"

"कालव्याच्या काठानं. पण घसरलो तर?"

"कालव्याच्या काठानं घसरायला मुद्दाम मेहनत घ्यावी लागते. हा टायर घालून तिथं जाणं म्हणजे गमबूट घालून नाचायला जाणं. दमून मराल."

डॉक्टर हसले, पण टायर तोच मागत राहिले. तिनं दिला नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, चुकीचा टायर तिच्या दुकानातून बाहेर जायचा नाही. ह्या बाबतीत ती अगदी असह्य आहे आणि मी तिला तसं तोंडावर सांगितलेलं आहे.

तिचा नवरा म्हणजे माझा धाकटा भाऊ. शाळेत कवायत शिकवायचा, म्हणून सगळे त्याला सर म्हणत. लग्न झालं तेव्हा हिला सायकल येतसुद्धा नव्हती. ह्यानं शिकवली. डोंगरातल्या दगडांवर त्याची चाकं सारखी फुटायची, ती दुरुस्त करता करता हिला टायर कळायला लागले, आणि पुढं दुकान झालं. मूलबाळ नाही. सुट्टी आली की दोघं डोंगरात. पलीकडच्या डोंगरात एक खिंड आहे, दगडाधोंड्यांच्या लांब चढणीची. त्या खिंडीत पोचून बाटलीतला चहा प्यायचा आणि उतरायचं, एवढंच त्यांचं सुख. मला त्यात काय एवढं ते कधी कळलं नाही. पण घरी आल्यावर दोघांचे चेहरे बघण्यासारखे असत.

मग भावाला आतड्याचा आजार झाला. नाव लांबलचक होतं, अर्थ एवढाच की खाल्लेलं अंगी लागेना. ऑपरेशन झालं, औषधं झाली. त्याचं एकच टुमणं: एकदा खिंडीत जायचं. डॉक्टरीणबाई समंजस होत्या. त्या म्हणाल्या, "वजन टिकून राहिलं तर सावकाश जा, माझी हरकत नाही. उतरत गेलं तर मात्र सायकल बंद. कायमची."

म्हणजे सगळं त्या काट्यावर आलं.

दर रविवारी दुकान उघडायच्या आधी ती त्याला काट्यावर उभा करायची, आपल्या रीतीनं, हेल्मेट आणि बॅगेसकट. बॅग तो पहिल्यापासून स्वतःच भरायचा, त्यात ती कधी हात घालत नसे. आकडा जागचा हलत नव्हता. एखाद्या रविवारी मी तिथं असले की, "बघा ताई, आपला माणूस कसा चिवट आहे!" असं म्हणून ती मला चहा पाजायची. तिला हसताना बघून मलाही बरं वाटायचं. शर्ट त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता, गालाची हाडं वर आली होती, हे तिला दिसत नव्हतं असं नाही. मी बोलून दाखवलं, तर माझ्यावरच उखडली. "डोळ्यांचं काय सांगता ताई, काटा काय खोटं बोलतो?"

डॉक्टरीणबाईंनाही तोच आकडा फोनवरून कळायचा. त्यांनी होकार दिला.

मग तिनं त्याच्या सायकलला टायर निवडायला घेतले. गिऱ्हाइकांना चक्क बाहेर काढलं. फळीवरचा एकेक टायर उतरवून अंगठ्यानं दाबायची, वाकवून बघायची, परत ठेवायची. पुढं मऊ रबराचा रुंद टायर घातला, म्हणजे त्याच्या हातांना धक्के कमी बसतील. मागं बुटक्या दात्यांचा, म्हणजे चढताना पायात ओढ येणार नाही. तो स्टुलावर बसून बघत होता.

"अगं, नवरदेवाला नटवतेयस की सायकलला?"

"तुम्ही गप बसा. दम घालवू नका, दम साठवा."

शेवटी हवा. ह्या टायरांचं सगळं हवेवर असतं. माणूस जड तर हवा जास्त, हलका तर कमी. हलक्या माणसाला जास्त हवा भरली की टायर दगडावर दबत नाही, चेंडूसारखा उडतो. तिनं त्याला शेवटचं काट्यावर उभं केलं, आकडा बघितला आणि त्या आकड्याला साजेशी हवा भरली.

खिंड नजरेसमोर आली होती तेव्हा तो पडला. तिनंच मला सांगितलं. ती मागून येत होती. एका गोल दगडावर त्याचं पुढचं चाक टण्णकन उडालं, दुसऱ्यावर पुन्हा, आणि तो खाली. धावत गेली तर तो खुब्याला हात लावून पडलेला, आणि ओरडतसुद्धा नव्हता. लोक मदतीला येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तेवढ्यात सवयीनं तिचा अंगठा शेजारी पडलेल्या चाकावर गेला. टायर दगडासारखा टणक लागला.

"मी स्वतः हवा भरली होती ताई," ती इस्पितळाच्या व्हरांड्यात मला पुन्हापुन्हा सांगत होती. "माझी हवा चुकत नाही."

खुब्याचं हाड मोडलं होतं. औषधाचं प्रमाण ठरवायला वजन हवं म्हणून नर्सनं त्याला पलंगासकट वजनाच्या यंत्रावर घेतलं, पलंगाचं वजन वजा केलं आणि आकडा मोठ्यानं वाचला.

"तुमचं यंत्र बिघडलंय," भावजय म्हणाली.

"नाही हो काकू, नवीन आहे."

"नवीन असेल, बिघडलंय. परवाच माझ्या काट्यावर केलंय ह्यांचं. एवढं कमी? हे काय लहान मूल आहे का?"

"अगं, बरोबर आहे त्यांचं," भाऊ म्हणाला.

"तुम्ही मधे बोलू नका."

"बरोबर आहे गं. बॅगेत साखळ्या होत्या."

"कसल्या साखळ्या?"

"सायकलच्या. तुझ्या भंगाराच्या डब्यातल्या. टॉवेलात गुंडाळून तळाशी ठेवायचो. वजन उतरलं की आणखी एक टाकायचो. डोंगरात जाताना काढून ठेवल्या, त्या घेऊन कोण चढणार?"

नर्स बिचारी फाईल छातीशी धरून निघून गेली. मी त्याला म्हटलं, "गाढवा, कळतं का तुला काय केलंस ते? एका खिंडीपायी?"

तो माझ्याकडे बघतच नव्हता. तिला म्हणाला, "खिंडीचं होतंच. पण तू आकडा बघून हसायचीस. आठवडाभरात तेवढंच हसायचीस."

ती पलंगाच्या दांडीला धरून उभी होती.

"म्हणजे मी साखळ्यांसाठी हवा भरली," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही."

त्यानंतर ती त्याचं सगळं करायची, अंग पुसायची, घास भरवायची, पण त्याच्याशी बोलायची नाही. तो तिला हसवायला बघायचा, मग थकून डोळे मिटायचा. मला दोघांचाही राग यायचा. हातात वेळ किती उरलाय ते डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि हे दोघं अबोला धरून बसले होते.

तो घरी आल्यावर एका सकाळी ती दुकानातला काटा घेऊन आली. एवढं लोखंडी धूड एकटीनं उचलून आणलं आणि त्याच्या खोलीत फरशीवर ठेवलं. मग सायकल आणली, भिंतीला टेकवली. तो तर उभा राहू शकत नव्हता. तिनं आधी स्वतः काट्यावर उभं राहून आकडा बघितला. मग त्याला खांद्याखाली आणि गुडघ्यांखाली हात घालून उचललं आणि त्याच्यासकट पुन्हा काट्यावर चढली. तिला फारसा जोर लागला नाही. ते मात्र मला बघवेना.

"ताई, बघितलंस?" भाऊ तिच्या मानेशी तोंड ठेवून म्हणाला. "इतक्या वर्षांच्या संसारात आज हिचं वजन कळलं."

"कुणाला सांगाल तर खबरदार," ती म्हणाली. अबोला तिथं सुटला. दोघं काट्यावरच रडत राहिले, तिच्या हातांवर तो तसाच. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

त्याला निजवल्यावर ती सायकलपाशी बसली आणि दोन्ही टायरांतली हवा थोडी सोडली, त्याच्या खऱ्या वजनाला बसेल इतकी. पुढच्या आठवड्यात त्याला पुन्हा उचललं, पुन्हा हवा सोडली. मी तिला बाहेर नेऊन विचारलं, "कशाला हा छळ? तो आता चालवणार आहे का?"

"नाही चालवणार."

"मग?"

"एकदा खोटी हवा भरली, ताई. आता नाही."

तो पडल्या पडल्या हवेचा सुसकारा ऐकायचा. "किती ठेवलीस?" म्हणून विचारायचा. ती खरं तेच सांगायची, आणि तो मान हलवायचा. खाणं बंद झाल्यावरही हे चालू होतं. मग एका आठवड्यात त्यानं विचारलं नाही. तरी तिनं सांगितलं.

तो गेला त्याला आता बराच काळ झाला. दुकान चालू आहे. काटा परत दारामागे गेला. लोक अजून हेल्मेट घालून त्यावर उभे राहतात, पण ओरडून सांगणं कमी झालंय, आणि बॅग असली की ती आधी काट्यावर रिकामी करून बघते. लोकांना गंमत वाटते.

सायकल त्याच्या खोलीतच आहे. टायर कितीही चांगला असला तरी नुसता उभा राहून हवा धरत नाही, हळूहळू बसतो. मागं मी गेले तेव्हा ती पंप घेऊन चाकाशी बसली होती आणि अगदी थोडी, दोन बोटांनी दाबली तर दबेल एवढीच हवा भरत होती.

"विकून टाक गं," मी म्हटलं. "चांगली सायकल आहे, कुणीतरी चालवेल तरी."

"एवढ्या हवेवर चालवेल असं एवढं हलकं कुणी आलं तर देईन," ती म्हणाली आणि पंपाची नळी काढून मागच्या चाकाला लावली.