बोहल्यावरची जर्सी

हसणार असाल तर आधी हसून घ्या, मग मी सुरुवात करतो. मधेच हसलात तर चहा सांडेल आणि बोलणी मला बसतील. घोटाळा झाला तो माझ्याच लग्नात, आणि त्याचं कारण काय, तर बर्फावर खेळायची हॉकी.

बघा, बदललाच की नाही तुमचा चेहरा? खालापूरच्या मांडवात सगळ्यांचे चेहरे अगदी असेच झाले होते.

लढाईचे दिवस होते. मी कर्जत स्टेशनात पार्सल क्लार्क. गोऱ्या शिपायांच्या गाड्या मुंबईहून पुण्याकडे जायच्या आणि घाट चढायला मागून इंजिन लावायचं म्हणून आमच्याकडे थांबायच्या. एकदा ते इंजिन काही केल्या येईना. तेव्हा बिल नावाचा एक उंच, लालबुंद माणूस माझ्या ऑफिसात पाणी मागायला आला. कॅनडाचा, विमानदळातला. पाणी प्यायला आणि तिथेच एका खोक्यावर बसून गप्पा मारायला लागला. त्याच्या गावात म्हणे हॉकीचा संघ होता. पगारी खेळाडूंचा. संघाचं नाव कोल्हे.

"हॉकी आम्हाला शिकवू नका," मी म्हणालो. "आमच्याकडे पोरंसोरं खेळतात."

"बर्फावर?" त्याने विचारलं.

मला वाटलं, बिचाऱ्याला ऊन लागलंय. मी आणखी एक तांब्या पाणी दिलं.

मग त्याने माझी छत्री उलटी धरली, बुटाच्या पॉलिशची डबी फरशीवर टाकली आणि पार्सल ऑफिसात तो खेळ असा काही करून दाखवला की दोन करंड्या आडव्या झाल्या. बुटांना म्हणे खाली सुरीसारखं पातं लावतात. मग आरशासारख्या बर्फावरून सुळकन घसरत जातात, काठीने रबराची काळी चकती हाणतात, आणि कुणी दांडगाई केली की त्याला दोन मिनिटं एका खोक्यात बसवतात. मी बर्फ पाहिला होता तो भुशात घालून, गोणपाटात गुंडाळून मासळीच्या टोपल्यांशेजारी पाणी गाळत पडलेला. त्याच्यावर माणूस उभा राहील हेच मला पटेना. पण तुम्हाला खरं सांगतो, त्या दिवशी मी जो त्या कोल्ह्यांचा झालो तो झालोच.

त्या थंडीत बिलच्या पुण्या-मुंबईच्या खेपा चालूच होत्या. गाडी थांबली की तो खिडकीतून ओरडून सांगायचा, कोल्हे जिंकले, कोल्हे हरले. जिंकले की मी हमालांना चहा पाजायचो. हरले की मला जेवण जायचं नाही. आई म्हणायची, "दत्तू, कोण मेलं रे?" आता तिला काय सांगू? ज्यांना पाहिलं नाही, ज्यांचं गाव पाहिलं नाही, त्यांचा गोलकीपर पडला म्हणून माझा घास अडकतो, हे आईला कसं पटायचं? मलाच धड कळत नव्हतं.

एकदा बिलने आपलं दुःखही सांगितलं. त्याच्या बायकोचं माहेर शेजारच्या गावचं, आणि तिथला संघ म्हणजे कोल्ह्यांचा जन्माचा वैरी. सासरा त्या संघासाठी जीव टाकणारा. त्यावरून सासरा-जावयाचं बोलणंच बंद होतं. मी मनापासून हळहळलो. सासऱ्याशी हॉकीवरून वाकडं येणं ही केवढी वाईट गोष्ट, नाही का?

पुढे बिलची बदली ब्रह्मदेशाकडे झाली. जाताना त्याने किटबॅगेतून एक जर्सी काढून माझ्या हातात दिली. जाड लोकरीची, गळ्यापर्यंत बंद, छातीवर दात विचकलेलं जनावराचं तोंड. देताना तो इतका हसला, इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. मी समजलो, निरोपाचं पाणी आहे. माझेही डोळे भरून आले.

"कप कधी ठरतो?" मी विचारलं.

"एप्रिलमध्ये," तो म्हणाला आणि गाडी हलली.

आणि इथे मी माती खाल्ली. त्याच संध्याकाळी मी देवीच्या देवळात गेलो आणि बोललो, "आई, कोल्ह्यांना कप मिळेपर्यंत ही जर्सी अंगावेगळी करणार नाही." दिवस थंडीचे होते हो. अंगात ऊब होती. एप्रिल कुठे, वैशाख कुठे, असलं काही डोक्यात आलं नाही. अंघोळीच्या वेळी जर्सी खांद्यावर टाकायचो आणि कमरेपासून खालीच पाणी घ्यायचो. वरच्या अंगाचं विचारू नका. आईने तेव्हापासून माझं पान वेगळं, दाराजवळ मांडायला सुरुवात केली.

त्यातच खालापूरची मुलगी बघायला गेलो. इंदू तिचं नाव. तिने खाली मान घालून एकच विचारलं, "स्टेशनात रात्री गाड्यांचा फार आवाज येतो का?" मी म्हटलं, येतो. ती म्हणाली, "बरं झालं. मला सामसूम घरात झोप लागत नाही." झालं. मला ती तिथल्या तिथे आवडली. याआधी मुली मी कमी पाहिल्या नव्हत्या, पण घरी परतताना असं हलकं कधी वाटलं नव्हतं. लग्न वैशाखातलं ठरलं.

एप्रिल आला आणि गेला. प्रत्येक गाडीला मी धावायचो. "कॅनडा? आइस हॉकी?" करत डब्याडब्यातून विचारायचो. गाड्या सगळ्या इंग्रजांच्या. एकाने मला आणा दिला, एकाने केळं. कोल्ह्यांचं काय झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि इकडे लग्न दाराशी आलं.

म्हणून मी काय केलं, सदऱ्याच्या आत जर्सी, वर सदरा, वर कोट, वर उपरणं असा नवरदेव होऊन भर उन्हात बैलगाडीत बसलो. पळसदरी मागे पडेपर्यंत माझ्या अंगातून पाण्याचे लोट वाहायला लागले. गाडीवान पांडू सारखा मागे वळून बघत होता.

"भाऊ, तुमाला बरं नाय का?"

"बरं आहे रे."

"नाय, त्वांड लई लाल झालंय. आन दात कशापायी खाताय?"

"खाज सुटलीय," मी म्हणालो.

"आमच्यात हिव भरायच्या आधी असंच व्हतं," पांडू म्हणाला आणि बैलांना जरा जोरात हाकायला लागला. त्याने मांडवात उतरल्या उतरल्या हेच कुणाच्या तरी कानात सांगितलं असणार.

आता एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. आमच्या भागात हिवताप म्हणजे घरचाच पाहुणा. आणि इंदूचे वडील, आप्पा, त्याने पोळलेले. त्यांचा थोरला जावई लग्नात थोडा कण्हत होता. कुणी लक्ष दिलं नाही. लग्न लागलं आणि तो तापाने जो पडला तो वर्षभर सासऱ्याच्याच माजघरात, सासऱ्याच्याच गोधड्या पांघरून. त्यामुळे आप्पांनी सगळं तपासलं होतं, पत्रिका, पगार, घराणं. अट एकच घातली होती, मुलगा धडधाकट हवा.

मी मांडवात बसलो. इंदूचे मामा पंख्याने वारा घालत म्हणाले, "अहो, कोट काढा की. किती उकडतंय." मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी प्रेमाने कोट ओढलाच. सदरा भिजून पारदर्शक झालेला. आतून लोकर दिसली, आणि तिच्यावर विचकलेले दात.

मामांनी पंखा खाली ठेवला.

आप्पा जवळ आले. माझ्या कपाळाला हात लावला आणि मागे वळले. "मामा," ते म्हणाले, "अंग भाजतंय. वैशाखात लोकर घालून आलाय. आपल्याला पुन्हा फसवलं."

"आप्पा, मला ताप नाही," मी म्हणालो. "हा आमच्या संघाचा पोशाख आहे."

"कसला संघ?"

"हॉकीचा. कॅनडातला. ते बर्फावर खेळतात."

आप्पांनी मामांकडे पाहिलं. मामांनी वैद्यबुवांना हाक मारली.

तेव्हाच मी तोंड मिटायला हवं होतं. पण मला वाटलं, नीट समजावून सांगितलं तर माणसं समजतील. म्हणून मी आणखी सांगितलं. बुटांना पाती लावतात. काळी चकती हाणतात. गोलकीपरला अंगाला गाद्या बांधून उभा करतात. चुकला त्याला खोक्यात कोंडतात. जसजसं सांगत गेलो तसतशा बायका पदर तोंडाला लावत एकेक पाऊल मागे सरकायला लागल्या.

"वात झालाय," वैद्यबुवा नाडी बघत म्हणाले. "थंडीची पायरी वाटेत होऊन गेली. आता घाम फुटलाय आणि बरळ सुरू झालीय."

"बरळ नाही हो," मी कळवळून ओरडलो. "बर्फ आणा, मी दाखवतो."

लग्नात सरबतासाठी मीच मुंबईहून बर्फाची लादी मागवली होती, माझ्याच ऑफिसातून. ती आणली. पण मला दाखवू कोण देतंय? मामांनी एक मोठा तुकडा फोडला, माझ्या उपरण्यात बांधला आणि माझ्या डोक्यावर दाबून धरला. लढाईमुळे क्विनीन मिळत नव्हतं, म्हणून वैद्यबुवांनी काडेचिराइताचा काढा पाजला. कडू म्हणजे किती कडू? आठवलं की आजही जीभ आत जाते.

आप्पा हात जोडून माझ्या आईसमोर उभे राहिले. "विहीणबाई, राग मानू नका. मुलाला घरी न्या, बरा करा. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

"दत्तू," आई म्हणाली, "काढ ते."

तुम्ही म्हणाल, यात विचार करायचा काय? पण मी देवीसमोर बोललो होतो, आणि तसं सगळ्यांदेखत सांगितलंही. जर्सी काढली आणि तिकडे कोल्हे हरले तर? नाही काढली आणि इकडे इंदू गेली तर? डोक्यावर बर्फ, पोटात काढा, एका बाजूला कप आणि दुसऱ्या बाजूला ती. मला रडू यायला लागलं. वैद्यबुवा म्हणाले, "हेही त्यातलंच."

तेवढ्यात इंदूची मावशी बाहेर आली. इंदू आत गौरीहरापुढे बसली होती, पण तिच्या कानावर सगळं गेलं होतं. मावशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "इंदू विचारतेय, अंगात घालीन असं बोलला होतात, की अंगावेगळी करणार नाही असं?"

मी आठवून पाहिलं. "अंगावेगळी करणार नाही."

"मग काढा आणि खांद्यावर टाका," मावशी म्हणाली. "ती म्हणाली, चालतं."

एवढी साधी गोष्ट, आणि अंघोळीला मी रोज तेच करत होतो. मांडवात माझ्या डोक्यात आली नाही ती नाहीच. मी जर्सी उतरवली, खांद्यावर टाकली. अंगाला वारा लागला. थोड्या वेळाने वैद्यबुवांनी पुन्हा नाडी पाहिली आणि मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "काढ्याने उतरला." आप्पांनी त्यांचे पाय धरले.

लग्न लागलं. गाठ बांधायची वेळ आली तर माझं उपरणं बर्फाने चिंब. भटजींनी इकडे तिकडे पाहिलं आणि जर्सीची बाही इंदूच्या शालूला बांधली. तशीच सप्तपदी झाली. चालता चालता ती बायको म्हणून माझ्याशी पहिलं वाक्य बोलली.

"हा कुत्रा कुणाचा?"

"कोल्हा आहे," मी पुटपुटलो. "कॅनडातले असे असतात."

पुढच्याच आठवड्यात इंदू डबा घेऊन स्टेशनात आली होती. मी जर्सीत होतोच. एक गाडी थांबली आणि खिडकीतून एक शिपाई माझ्या छातीकडे बोट दाखवून खिदळायला लागला. मी धावलो. कॅनडाचा होता. देवी पावली.

"कोल्ह्यांचं काय झालं?" मी धापा टाकत विचारलं.

"कोल्ह्यांनी कप जिंकला. महिना होऊन गेला."

मी हमालाला मिठी मारली. आणि मग लक्षात आलं, महिना होऊन गेला म्हणजे माझ्या लग्नाच्या आधीच. मी उगाच उकडलो होतो.

"पण तू का एवढा खूश?" शिपाई म्हणाला. "ही तर लांडग्यांची जर्सी. कोल्ह्यांनी यांनाच हरवलं."

गाडी गेली. मी उभाच. बिलचा सासरा आठवला, त्यानेच आपल्या संघाची ही जर्सी जावयाला खिजवायला धाडली असणार ते कळलं, आणि ते निरोपाचं पाणीही कळलं.

"काय म्हणत होता तो?" इंदूने विचारलं. खोटं बोलायला हवं होतं. मी सगळं सांगितलं.

तिने डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे आपली गाठ हरणाऱ्याच्या बाहीला मारली. काढा आता, मी ठेवते ती."

तेव्हापासून जर्सी तिच्या ट्रंकेत आहे. आमचं भांडण झालं की ती एक अक्षर बोलत नाही. जर्सी काढते, झटकते आणि दोरीवर वाळत घालते. मी गुपचूप तिचं म्हणणं मान्य करतो.

परवा शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "एवढ्या उन्हाळ्यात लोकरीचं काय हो वाळत घातलंय? कुणाला हिवताप आलाय का?"

मी म्हणालो, "हो, मला."