मशीनमध्ये गोंदण येत नाही

अब्बा निगेटिव्ह कधीच टाकत नसत. जव्हारच्या पेठेत आमचं फोटो आणि फ्रेमचं दुकान होतं, आणि दुकानाच्या माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत अर्ध्या गावाच्या निगेटिव्ह भरून ठेवलेल्या होत्या. लग्नं, शाळेचे ग्रुप, पासपोर्ट फोटो, सगळं. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींनाही ओल सुटते, मग अब्बा डबे खाली उतरवून एकेक पट्टी मऊ फडक्याने पुसत बसायचे, आणि अम्मी म्हणायची, "घरातल्या माणसांची एवढी काळजी केली असती तर!" मी तर दोघांच्या वरताण. कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागल्यापासून मला चार इंग्रजी शब्द जास्त येत होते, आणि उथळ पाण्याला खळखळाट फार. "अब्बा, निगेटिव्हचा जमाना गेला. भंगारवाल्याला देऊन टाका," असं मी मुद्दाम गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे. ते हसायचे. "फोटो गिऱ्हाइकाचा असतो बेटा. निगेटिव्ह आपल्याकडे अमानत असते," एवढंच म्हणून पुन्हा पुसायला लागायचे.

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती. भिवंडीच्या मामूंनी कुणाचा तरी जुना डिजिटल कॅमेरा स्वस्तात आणून दिला आणि घरात माझं राज्य सुरू झालं. त्याच्या कार्डात थोडेच फोटो मावायचे, आणि दुकानातल्या कॉम्प्युटरची डिस्क कायम तुडुंब भरलेली असायची. त्यामुळे मी एक शिस्त घालून घेतली होती. कार्डातले फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे, कार्ड साफ करायचं, आणि फोटो सुधारून झाला की मूळच्याच जागी सेव्ह करायचा. एकाच माणसाचे दोन फोटो कशाला ठेवायचे? चांगला झाल्यावर वाईट हवाय कुणाला? या नीटनेटकेपणाचा मला भारी अभिमान होता.

क्लासच्या सरांनी शेवटी प्रोजेक्ट दिला: पाच चेहऱ्यांचे फोटो काढायचे, कॉम्प्युटरवर साफ करायचे आणि मोठे प्रिंट काढून लावायचे. डाग, सुरकुत्या, तेलकटपणा काहीही दिसता कामा नये. सरांच्या शब्दात, चेहरा कॅलेंडरवरच्यासारखा हवा. चार फोटो मी घरातच उरकले. पाचवा जरा वेगळा हवा म्हणून बाजाराच्या दिवशी अब्बांबरोबर मोखाड्याला गेले.

अब्बा तिथे दर बाजाराला जीपने जायचे. एका भिंतीला निळं कापड बांधायचे आणि ओळखपत्रांसाठी, अर्जांसाठी लागणारे फोटो काढायचे. त्यांचा भरवसा तेव्हाही जुन्या रोलच्या कॅमेऱ्यावरच होता. त्या भिंतीच्या समोरच सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरची बाई शेवळांची रानभाजी घेऊन बसायची. मी तिला मावशी म्हणायचे. तिचा काळा चेहरा उन्हाने आणखी रापलेला होता, आणि हसली की डोळे मिटायचे. फोटो काढू का विचारल्यावर ती आधी लाजली, मग एकदम हुशारीत आली.

"माझा कवा फोटूच नाय काढलेला. मतदानाचा काढला तेवढाच. त्यात मी म्हस दिसतां. तू नीट काढ."

बाटलीतल्या पाण्याने तिने तोंड धुतलं, शेजारणीकडून फणी घेतली आणि शेवळांची टोपली पायाने मागे सारली, कारण फोटोत भाजी दिसायला नको होती. मी चार-पाच फोटो काढले. त्यातल्या एकात ती सरळ माझ्याकडे बघत होती. तो ठेवला आणि बाकीचे पुसले.

तिच्या कपाळावर भुवयांच्या मधोमध गोंदण होतं, आणि हनुवटीवर थोडे ठिपके. एवढं मला नक्की आठवतं. आमच्यात गोंदत नाहीत. दादी तर गोंदलेल्या हाताचं पाणी प्यायलाही नाक मुरडायची, आणि तिच्या त्या नाकाचा थोडासा भाग माझ्याकडे आला असणार. पण मला कळलंच नाही, असं म्हणणं खोटं होईल. बाजारातल्या निम्म्या बायकांच्या कपाळावर मी लहानपणापासून ते बघत आले होते. ते काय असतं ते मला ठाऊक होतं. फक्त स्क्रीनवर मोठं करून बघितलं तेव्हा ते हिरवट-काळे चौकोन दिसले, आणि हातात पुसायचं हत्यार होतं. आधी मी एक डाग काढला, मग सुरकुती, मग एक ठिपका. ठिपका इतका सफाईने गेला की मला हुरूप आला. संध्याकाळ-संध्याकाळ बसून मी तिचा सगळा चेहरा धुऊन काढला, रंग दोन छटा उजळ केला आणि नेहमीच्या शिस्तीने मूळच्या जागी सेव्ह केला.

सरांनी तो फोटो क्लासच्या दारात लावला. मी इतकी खूश झाले की एक प्रिंट घरी काढून, अब्बांकडून छोट्या फ्रेममध्ये बसवून घेतला आणि पुढच्या बाजाराला मावशीला नेऊन दिला.

तिने तो दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ बघितला. मग पदराचं टोक घेऊन काचेवर कपाळाच्या जागी पुसलं, पुन्हा बघितलं, पुन्हा पुसलं.

"गोंदण नाय आलां?"

तेव्हा खरं सांगता आलं असतं. 'मीच काढलं मावशी, घालून आणते' असं म्हणाले असते तर तिला समोर बसवून दुसरा फोटो काढता आला असता. कॅमेरा माझ्या गळ्यातच होता. पण मला वाटलं, आता हिला कॉम्प्युटर समजावत कोण बसणार?

"मशीनमध्ये गोंदण येत नाही मावशी," मी म्हणाले.

तिने लगेच मान हलवली. "तां पन खरांच. मशिनीला काय कळां!" आणि शेजारच्या बाईला फ्रेम दाखवत तिने मोठ्या आवाजात सांगितलं, "हिच्या मशिनीत गोंदण येत नाय, बरां का!" दोघी हसल्या. तिने मला शेवळांचा वाटा दिला आणि मी नको नको म्हणत घेतला. अब्बा भिंतीपाशी कुणाला तरी हनुवटी वर कर म्हणून सांगत होते. त्यांना यातलं काही ऐकू आलं नाही.

पुढची होळी झाल्यावर एका दुपारी तिची मुलगी आणि मुलगा दुकानात आले. मी दोघांनाही कधी पाहिलं नव्हतं. मुलीने लुगड्याच्या ओच्यातून फ्रेम काढून काउंटरवर ठेवली तेव्हा ओळख पटली.

"आयस गेली," ती म्हणाली. "ताप आला न् गेली. हा फोटू तूच काढलेला ना?"

मी हो म्हणाले.

"मंग हिच्यात गोंदण घालून दे. आयस सांगं, मशिनीत येत नाय. पण तुझ्या बासाने माझ्या जावेचा फोटू काढला, त्यात सगळां दिसतां. म्हटलां, आता नवी मशीन आली असंल."

अब्बा मागे काच कापत होते. त्यांचा हात थांबला. ती आपली सांगतच राहिली, कुणावर आळ घेतल्यासारखी नाही, नुसती काम समजावून देत होती. बाई मेली की काकणं काढून घेतात, गळ्यातलं काढून घेतात. गोंदण तेवढं बरोबर जातं, त्यावरून वरती ओळखतात. "ती तं तिचां घेऊन गेली. आमच्याकडं हा एक फोटू ऱ्हायला, न् त्यात नाय."

अब्बा पुढे आले. फ्रेम उचलून त्यांनी उजेडाकडे धरली. त्यांनी स्वतःच ती बसवली होती, पण काच-पुठ्ठ्याच्या नादात चेहऱ्याकडे बघितलं नव्हतं. आता बघितलं.

"असली फोटो किधर है?" त्यांनी मला विचारलं.

"नाहीये," मी म्हणाले. "त्याच्यावरच सेव्ह केला. मीच पुसलं गोंदण."

मला वाटलं आता सगळ्यांसमोर कानाखाली बसणार. बसली असती तर बरं वाटलं असतं. अब्बांनी फक्त त्या दोघांना बसायला स्टुलं दिली, चहा मागवला आणि मला म्हणाले, "घालून दे मग. जसं होतं तसं."

जसं होतं तसं! मी कॉम्प्युटर सुरू केला, मावशीचा तो गुळगुळीत चेहरा पडद्यावर आणला आणि तिच्या मुलीला शेजारी बसवलं. "सांगा, कुठे काय होतं?"

"हितं," तिने भुवयांच्या मध्ये बोट ठेवलं. "हितं एक चांदणी."

"चांदणी कठं?" भाऊ मागून म्हणाला. "तीन ठिपके होतं. खाली आडवी रेघ."

"ती आत्याची. आयसला रेघ नव्हती."

"होती!"

ती रागाने त्याच्याकडे वळली, मग पुन्हा पडद्याकडे. बोट उचललं, थोडं वर नेलं, पुन्हा खाली आणलं. स्वतःच्या कपाळाला हात लावून बघितला. तिचं गोंदण वेगळ्या बाईने, वेगळ्या जत्रेत केलेलं. हनुवटीवरचे ठिपके उजवीकडे की मधोमध, तेही दोघांना सांगता येईना. मी मतदानाचं कार्ड आहे का विचारलं, तर भावाने ते खिशातून काढून दिलं. त्यात डोक्यावर पदर आणि पदराखाली चेहऱ्याच्या जागी काळा डाग, एवढंच. मावशी खोटं बोलली नव्हती.

या सगळ्यात माऊस माझ्याच हातात होता. तिच्या कपाळाकडे जगात कुणी सगळ्यात जवळून बघितलं असेल तर मी. चारपट मोठं करून, एकेक ठिपका शोधून, कडेकडेने. कुणाला आठवायला हवं होतं तर मला. मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला आणि डोळ्यांपुढे नुसते हिरवट-काळे चौकोन आले. किती, कसे, कुठल्या आकारात, काही म्हणजे काही नाही. जे पुसायचं ते कोण बघून ठेवतो?

"पाड्यावर विचारून येतू," मुलगी उठत म्हणाली. चहा तिने तसाच ठेवला.

मधले दिवस माझे फार वाईट गेले. जेवताना अम्मीच्या तोंडाकडे टक लावून बघायचे आणि डोळे मिटून आठवायचे: तीळ डाव्या गालावर की उजव्या? अम्मी वैतागून म्हणायची, "ऐसे क्या देख रही है?" अब्बा माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होते. माळ्यावरच्या डब्यांचं नावही त्यांनी काढलं नाही. त्यांनी काढलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

मुलगी परत आली ती एकटीच. मी विचारायच्या आधीच ती काउंटरला टेकून बोलायला लागली. आत्या म्हणते चांदणी. मोठी काकू म्हणते बाशिंग. पाड्यावरच्या म्हातारीने जमिनीवर काढून दाखवलं ते तिचं स्वतःचंच. आणि बाप? बापाला विचारलं तर म्हणाला, "होतां तसां होतां," आणि उठून बाहेर गेला. अंधार पडला तरी आत आला नाही.

"मंग काय घालू?" मी विचारलं. का कोण जाणे, तिच्यासारखंच बोलले.

"चांदणी घाल."

मी बारीक चांदणी काढली. हनुवटीवर ठिपके ठेवले, रंग दोन छटा मागे नेला, सुरकुत्या शक्य तेवढ्या आणल्या. ती शेजारी बसून बघत होती. थोडं खाली, म्हणाली. मी खाली घेतलं. नको, वर होतं. मी वर घेतलं. शेवटी ती म्हणाली, "हां. झाली आता." त्या 'झाली'त काही राम नव्हता. बाजारात वजन कमी भरलं तरी बसची वेळ झाली म्हणून माणूस पिशवी उचलतो, तसं ते होतं.

प्रिंटरमधून कागद बाहेर येईपर्यंत मला रडू कोसळलं होतं. ओढणीत तोंड घालून मी हुंदके देत होते आणि मनात कुठेतरी आशा होती की ही आता चार शिव्या घालेल.

"रडतस कशाला?" ती म्हणाली. "तुझी का आयस होती?"

"मीच पुसलं ना पण. मी पुसलं नसतं तर..."

"तू फोटूतलां पुसलांस." तिने प्रिंट उचलला, आणि सांगितलं नसतानाही शाई ओली असेल म्हणून कडेने धरला. "मी लहानपणापासून तिच्यापुढं बसून भाकर खाल्ली. माझ्या डोक्यातलां कोणी पुसलां?"

अब्बांनी नवी फ्रेम करून दिली आणि तिला जीपपर्यंत पोचवायला मला पाठवलं. जीपमध्ये बसल्यावर फ्रेम मांडीवर उलटी ठेवली, चेहरा खाली. तिच्या तोंडावरचं अपराधीपण मी लगेच ओळखलं, कारण त्या दिवसांत मी तेच आरशात बघत होते. पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा ते तिच्याकडे नव्हतं. तेव्हा तिच्याकडे फक्त दुःख होतं.