गाडी नंबर ८००८

"सर, मीच केलंय का हो ते?" शोभावहिनींनी फोनवर विचारलं. "मला आठवंनाच झालंय. पाय थरथरत हुतं, तेवढंच ध्यानात हाय."

मलाही आठवत नव्हतं. खरी भीती तीच होती.

मी कोल्हापुरात ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. एकोणीस वर्षांत एकही चलन नाही. आणि आता मोबाईलवर ई-चलन आलं होतं: मंगळवार, संध्याकाळी पाच बेचाळीस, कावळा नाका, लाल सिग्नल तोडला. ई-चलनात गाडी कोणी अडवत नाही. चौकातला कॅमेरा फोटो काढतो, संगणक नंबर वाचतो आणि मेसेज थेट मालकाला येतो.

मी प्रत्येक फेरी रजिस्टरमध्ये लिहितो. विद्यार्थी, वेळ, रस्ता, मीटरचं रीडिंग. मंगळवारचं पान उघडलं. पाच वीस ते सहा पाच, सौ. शोभा, कावळा नाक्यावरून शिरोली आणि परत. म्हणजे गाडी त्याच भागात होती. वहिनींचा तो चौथा दिवस. चौथ्या दिवशी क्लच सारखा सुटतो, म्हणून माझं लक्ष रस्त्यापेक्षा शिकणाऱ्याच्या पायांकडे जास्त असतं.

शिकाऊ माणसाची चूक आमच्यावर येते. माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो तो त्यासाठीच. त्यात स्कूलच्या लायसन्सचं रिन्यूअल आरटीओत पडलेलं. सिग्नल तोडणाऱ्याला शिकवायचं लायसन्स कोण देणार?

गल्लीतले मगदूम वकील जमिनीचे दावे चालवतात. दुसरे वकील माझ्या ओळखीचे नव्हते, म्हणून त्यांच्याकडेच गेलो.

"मास्तर, लोकअदालतीत मिटवून टाका की."

"मिटवलं म्हणजे कबूल केलं, न्हवं?"

"व्हय."

"मग रिन्यूअलला काय तोंड दाखवू?"

त्यांनी हात पुढे केला. "फोटो दाखवा."

फोटोत पांढऱ्या गाडीचा बंपर आणि नंबरप्लेट एवढंच होतं. बाकीचं कापलेलं. वकिलांनी चष्मा कपाळावर चढवला.

"ही चार हजार चार हाय. तुमची कुठली?"

"आठ हजार आठ. नीट बघा."

"तुम्हीच बघा. मी दिवसभर सातबारे वाचतो, मास्तर. ह्यो मराठी चार हाय."

फोटो मोठा केला. इंग्रजी आठ वरून बंद असतो. याची वरची दोन टोकं उघडी होती. कोणा हौशाने शेवटचे आकडे मराठीत रंगवले होते आणि संगणकाने ते इंग्रजी म्हणून वाचले होते.

"पण फोटो अंधुक हाय," वकील म्हणाले. "कोर्टात पुरा फोटो मागवावा लागंल. त्यात तुमचा लाल एल दिसला तर खेळ खलास. मागवू?"

एल म्हणजे शिकाऊ गाडीची खूण. माझ्या गाडीच्या मागच्या काचेवर तो वीतभर मोठा आहे.

"मागवा."

कोर्टाची तारीख आली. मॅजिस्ट्रेट मॅडमनी स्क्रीनवर पुरा फोटो उघडला. मला आधी मान वर करवेना. मग काच बघितली. एल नव्हता. त्या जागी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: नाद खुळा.

"हे तुमच्या स्कूलचं नाव आहे का?" मॅडमनी विचारलं.

"नाही, मॅडम."

वकील पहिल्यांदाच हसले. चलन रद्द झालं. पुढच्या आठवड्यात रिन्यूअलही मिळालं.

नंबरप्लेटवर मराठी आकडे चालत नाहीत, हे मी पहिल्याच तासाला शिकवतो. एकोणीस वर्षं शिकवतोय. तरी समोर आल्यावर मी तो चार आठच वाचला, कारण भीतीने वाचला होता.

वहिनींना फोन केला. "तुम्ही नव्हता. गाडी दुसऱ्याची होती."

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "पर सर, आपण गेलतो तवा हिरवा हुता का हो?"

मला सांगता आलं नाही. अजूनही येत नाही.

तेव्हापासून रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवलाय: सिग्नल, लाल की हिरवा. तो भरायचा तर शिकणाऱ्याच्या पायांवरून नजर वर उचलावीच लागते.