खालापूर की कशेळे

कॉलेजात समाजशास्त्राचे सर सांगायचे, जुन्या माणसाचं आयुष्य जन्मतःच ठरलेलं असे. आजच्या माणसाला ते स्वतः निवडावं लागतं, आणि चुकलं तर दोषही त्याचाच. मी यातला निवडण्याचा भाग तेवढा वहीत उतरवला आणि दहिवलीला घरी येऊन जाहीर केलं, माझी बायको मी निवडणार!

वडील भाताचा पेंढा रचत होते. म्हणाले, "निवड रं बाबा. आमाला तर हळद लागली तवा कळलं."

स्थळं दोन आली. कशेळ्याची मुलगी शांत, घरात सगळ्यांना पसंत. खालापूरच्या मुलीने पोह्यांची बशी हातात देता देताच विचारलं, "समाजशास्त्र म्हणजे काय असतं?" मला सांगता येईना. घाम पुसत पोहे संपवले.

आठवडा गेला. वडील रोज विचारायचे, "निवडलीस का?" माझी झोप उडाली. शेवटी भर दुपारी, कोणी बघणार नाही अशा वेळी, गावदेवाच्या देवळात गेलो आणि गुरवाला कौल लावायला सांगितला. त्याने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर खालापूर, डावी पडली तर कशेळे.

डावी पडली.

"नीट चिकटली नव्हती," मी म्हणालो.

पुन्हा डावीच. मी म्हटलं, वारा आला.

गुरव वैतागला. "आरं, देवाला कशाला दमवतोस? तुजं तू सांग ना घरी!"

"नाय, देवालाच सांगू दे."

तिसऱ्यांदा उजवी पडली. मी लोटांगण घातलं आणि घरी येऊन छाती काढून म्हणालो, "निवडली!"

लग्न झालं आणि बायको हे आळीभर सांगू लागली. "आमच्या ह्यांनी मला स्वतः निवडलं हो. कोणाचं ऐकलं नाही!" दर वेळी मी पेपरात तोंड घालायचो. असं पंधरा वर्षं चाललं. तिला मिरवायला दुसरं काही मी दिलंच नव्हतं, आणि हेही खोटं. गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायकांपुढे पुन्हा तेच ऐकलं, आणि बायका गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं.

ती तिळगूळ डब्यात भरत होती. हात थांबला.

"पहिल्यांदा कोण आली?"

"कशेळ्याची."

"दुसऱ्यांदा?"

"तीच."

"आणि तिसऱ्यांदाही तीच आली असती तर?"

मी खाली बघत म्हणालो, "पाकळ्या बऱ्याच होत्या."

तिने डब्याचं झाकण घट्ट लावलं. दुसऱ्या दिवशी मात्र नळावरून तिचा आवाज घरापर्यंत आला, "अगं, देव दोनदा नाही म्हणाला, तरी ऐकलं नाही ह्यांनी!"